कच्चा धूर

माझ्या चुलीला नावं ठेवायची नाहीत, सांगून ठेवते. मानपाड्याची ही सात मजली बिल्डिंग उभी आहे ना, ती आमच्या भातशेतावर. बिल्डरने घरं दिली, पण मागचा तुकडा मी काही सोडला नाही. तिथे माझी मातीची चूल. आम्हा आगरी लोकांत हळदीला तांदळाची भाकरी लागते, आणि ती ह्या सगुणाच्या चुलीवरची असली की पाहुणे मटणाआधी भाकरीचं विचारतात.

तर हा सुदेश, आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. "मावशी, तुमच्या धुराने आईला खोकला येतो." एकदा नाही, रोज. मी म्हटलं, ठीक आहे बाबा, म्हातारीला त्रास नको. मग मी पहाटे काळोखातच चूल पेटवायला लागले. लोक दात घासेपर्यंत माझ्या भाकऱ्या टोपलीत आणि निखाऱ्यांवर पाणी. कोणाला धूर दिसलाच नाही. तरी ह्याचं तुणतुणं चालूच, आईचा खोकला थांबत नाही म्हणून.

डोकंच सटकलं माझं. माझ्या भावाची मुलगी रुपाली केमिस्ट्री शिकलेली, हवा मोजायच्या कामावर आहे. तिला म्हटलं, "बाय, आमच्या गच्चीवर तुझं मशीन लाव. होऊन जाऊ दे एकदाचं." आणि सगळ्यांसमोर बोलून बसले, "चुलीचा दोष निघाला तर मीच पहार घालीन तिच्यावर. नाही निघाला तर परत तोंड उघडायचं नाही." रुपाली मध्ये काहीतरी बोलायला गेली, पण मी ऐकते कुणाचं! तिचीच हळद महिन्यावर आलेली. त्या भाकऱ्या ह्याच चुलीवर व्हायच्या, हे ती परकर नेसायची तेव्हापासून ठरलेलं.

रविवारी मीटिंग भरली. रुपालीने लॅपटॉपवर हवेतल्या घाणीची रेघ दाखवली. पहाटे जराशी वर, मग खाली, आणि ऊन चांगलं वर आलं की, अकराच्या सुमारास, हा मोठा डोंगर.

"बघ रे सुदेश!" मी उठलेच. "अकरा वाजता माझी चूल गार पडलेली असते, हात लावून बघ. मग ही घाण कोणाची?"

लोक हसले. सुदेशचं तोंड एवढंसं झालं. जिंकलेच की मी!

"आत्या, थांब." रुपाली उभी राहिली. "डोळ्यांना दिसतो तेवढाच धूर नसतो. त्याच्यासोबत वाफा निघतात, त्या दिसत नाहीत. थंडीत सकाळी वारा पडलेला असतो, वरची हवा झाकणासारखी बसते आणि त्या वाफा इथेच अडकतात. ऊन आलं, त्यात गाड्यांचा धूर मिसळला की त्या बदलतात, जड होतात आणि त्यांचे बारीक कण बनतात. तेच छातीत जातात."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या चुलीतून निघतो तो कच्चा धूर. तो वर जाऊन उन्हात शिजतो."

शिजणं काय ते मला समजवायला नको. तरी मी भांडले. "माझी एकटीची चूल एवढा डोंगर करते होय?"

"एकटीची नाही. बेकऱ्या आहेत, शेकोट्या आहेत. पण तुझाही वाटा आहे. ती अकराची रेघ दाखवून तुला सुटता येणार नाही. उलट तू पहाटे पेटवतेस म्हणून सगळं उन्हाच्या हाती लागतं."

"मग दुपारी पेटवते. तेव्हा वारा असतो."

"तो वारा नेईल कल्याणकडे, आंबिवलीकडे. मग तिथे शिजेल."

आंबिवलीला माझी लेक नयन राहते. थंडी पडली की तिच्या पोराला रोज मशीनने वाफ द्यावी लागते. मी खाली बसले. पण रुपालीचा राग असा आला म्हणून सांगू! घरची पोर, आणि भर मीटिंगमध्ये परक्यांसमोर! म्हटलं, "आणि तुझ्या हळदीचं काय गं मग?"

ती रडायलाच लागली. "माहितेय मला. मला काय ती चूल नको होती का?"

तिथे माझा राग विरघळला. पोरीने माझ्याआधी स्वतःचंच सोडलं होतं. मी खाली गेले, पहार काढली. सगळी मीटिंग माझ्या मागे. चुलीला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला आणि घातला घाव. सासूने लिंपलेली चूल ती. रडले, हो, सगळ्यांसमोर रडले.

मग पदराने आधी रुपालीचे डोळे पुसले. "गॅसवर करीन तुझ्या भाकऱ्या. एक जरी फुगली नाही ना, तर सगुणा नाव लावणार नाही."

सुदेश पुढे आला. "थँक्यू मावशी, तुमचं मन खूप मोठं..."

"मन राहू दे," मी म्हटलं. "रुपाली, गाड्यांचा धूर मिसळला की ते शिजतं असं म्हणालीस ना? हा वाण्याकडे जायलासुद्धा गाडी काढतो, आणि दुकानासमोर ती चालूच ठेवतो. बोल रे सुदेश, तुझ्या चुलीचं काय करायचं?"

तो हसायला गेला, पण पहार अजून माझ्या हातातच होती.