बिनतंबाखूवाल्यांची रांग

घोडबंदर रोडवरच्या दातांच्या इस्पितळात मुकुलला पहिली नोकरी लागली, तेव्हा त्याच्या आईने, हेमाताईंनी, पेढे वाटले आणि वडिलांनी, म्हणजे भाऊंनी, विचारलं, "पण तू करतोस काय तिथे?"

"माणसांच्या रांगा लावतो," मुकुल म्हणाला. खोटं नव्हतं.

हिरड्यांच्या नव्या मलमाची चाचणी चालू होती. निम्म्या लोकांना निळ्या झाकणाची ट्यूब, निम्म्यांना पांढऱ्या. एकीत औषध, दुसरीत नुसतं मलम. कशात काय, हे मुकुललाही ठाऊक नाही आणि त्याच्या मॅडम डॉ. नीरजांनाही नाही. कोणाला कुठलं झाकण, हे कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणार. पण तंबाखूने हिरड्यांची वाट लागते. योगायोगाने सगळे तंबाखूवाले पांढऱ्या झाकणाखाली जमले, तर निळ्या ट्यूबमध्ये श्रीखंड भरलं तरी ते औषध ठरेल. म्हणून आधी दोन रांगा: तंबाखूवाले आणि बिनतंबाखूवाले. मग प्रत्येक रांगेतल्या निम्म्यांना निळं, निम्म्यांना पांढरं. रांगा बरोबर लागल्या की मुकुलची नोकरी पक्की होणार होती.

बिनतंबाखूवाल्यांच्या रांगेचा त्याला भारी अभिमान. सगळ्या बायका. जवळच्या गावातल्या आवडाबाई आणि त्यांच्या मैत्रिणी, ज्यांच्या मिठागरांच्या जागी आता टॉवर उभे होते. आणि शेवटी हेमाताई, कारण माणसं कमी पडत होती आणि आईला हिरड्या होत्या. नियमात सख्ख्या आईला बंदी नव्हती. तसं कोणाला सुचलंच नव्हतं.

तीन महिन्यांनी, शेवटच्या तपासणीच्या दिवशी मुकुल कॉरिडॉरमध्ये आला आणि त्याला तव्यावर काहीतरी करपल्याचा वास आला. आवडाबाईंची छोटी डबी रांगेतून प्रसादासारखी फिरत होती, आणि निम्म्याहून जास्त बायका बोटाने काळी पूड दातांवर घासत होत्या.

"मावशी, हे काय?"

"मिशरी."

"म्हणजे भाजलेला तंबाखू!"

"मंग? घरचीच हाय. घे जरा."

"मी विचारलेलं ना तुम्हाला, तंबाखूची सवय आहे का? तुम्ही नाही बोललात!"

"नायच. तंबाखू बाप्ये खातान. यानं दात घासतान रं पोरा. डाक्टरीनबायपुढं घान तोंड घेऊन जायाचं काय?"

मुकुल तसाच डॉ. नीरजांच्या केबिनकडे धावला.

हे ऐकून डॉ. नीरजांचा चहाचा कप ओठांपाशी गेलेला, तिथेच थांबला. "एकेकीला आत घे," कपाआडून त्या म्हणाल्या. "नाव घेऊन विचार: मिश्री. खरं कळलं तर हिशोब नव्याने मांडता येईल. एक जरी खोटं निघालं, तरी या रांगेचा भरवसा संपला. तुझ्या नोकरीचाही."

बायका खरं बोलल्या. नुसत्या बोलल्या नाहीत, मिश्री किती आचेवर भाजायची तेही त्यांनी सांगितलं. काही जणी मात्र अपमान झाल्यासारख्या म्हणाल्या, "मी ब्रशवाली हाय!" शेवटी उरल्या हेमाताई.

हेमाताई डोंबिवलीतल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. दरवर्षीची तंबाखूविरोधी फेरी त्यांचीच. त्यांच्या धाकाने नाक्यावरच्या पानवाल्याने दोनदा टपरी हलवलेली.

"आई, तुझं 'नाही' लिहितो हं."

हेमाताई खिडकीबाहेरच्या ट्रॅफिककडे बघत राहिल्या. तो हलत नव्हता. त्याही हलल्या नाहीत.

"असं परस्पर लिहायचं नाही, मुकुल. आधी विचारायचं."

"बरं. मिश्री लावतेस?"

"बी.एड.च्या होस्टेलपासून."

मुकुलच्या डोळ्यांपुढे फेरी आली. सगळ्यांत पुढे आई, हातात फलक. फलकाने तोंड झाकलेलं. हे त्याच्या आज लक्षात आलं.

"अगं, तू फेरी काढायचीस!"

"लावूनच निघायचे. त्याशिवाय घोषणांना जोर येत नाही."

"बाबांना माहितीय?"

"अजून नाही. आता तू सांगशीलच."

"नाही सांगू शकत," मुकुलचा आवाज त्यालाच परका वाटला. "पेशंटची माहिती बाहेर सांगता येत नाही. घरी पण नाही. मी सही केलीय तशी."

"म्हणजे कायद्याने?"

"कायद्याने."

शाळेचा निकाल शंभर टक्के लागल्यावर व्हायचा तसा हेमाताईंचा चेहरा झाला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मग नीट लिही. सकाळी एकदा, दुपारी एकदा. तुझी दहावी होती तेव्हा चारदा."

नवा हिशोब मांडला तेव्हा मिश्रीवाल्यांचा ढीग पांढऱ्या झाकणाखाली निघाला. निळ्या झाकणाच्या ज्या चमत्कारावर नीरजामॅडम तीन महिने खूश होत्या, तो बहुधा ब्रशचा होता. त्यांनी हिशोबाचा कागद उलटा ठेवला. मग म्हणाल्या, खरं सगळं आलंय, म्हणून तुला काढत नाही. पण पक्काही करत नाही, अजून सहा महिने बघू.

घरी जेवताना भाऊंनी विचारलं, "काय रे, काय झालं आज? आई तर भलतीच खुशीत आहे."

"सांगता येत नाही, बाबा."

"बघ! जरा आईकडून शिक," भाऊ म्हणाले. "इतकी वर्षं संसार केला, पण या बाईने माझ्यापासून कधी काही लपवलं नाही."

हेमाताईंनी मुकुलला न मागता आणखी एक पोळी वाढली, वर दोन चमचे तूप. मुकुलने ती गिळली. कायद्याने त्याला दुसरं काही करता येत नव्हतं.