थंडीतला कूलर

"राहू द्या ना अजून थोडे दिवस," पद्मिनीबाई पुन्हा म्हणाल्या.

अंगणात स्टुलावर चढलेला मिस्त्री हसला. दिवाळी होऊन गेली होती आणि सकाळी शाल घेतल्याशिवाय बाहेर निघवत नव्हतं.

"माताजी, अब तो रज़ाई निकालिए."

नरहरराव खाली उभे राहून त्याच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून होते. सरकारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी केलेला माणूस तो. सही घेतल्याशिवाय त्यांनी कधी खिळाही बाहेर जाऊ दिला नव्हता, आणि निवृत्त झाल्यावर घराचं स्टोअर करून टाकलं होतं. कूलरच्या जाळ्यांतलं गवत निघालं, टाकीतलं पाणी उपसलं गेलं, वरून निळं प्लास्टिक आलं आणि सुतळी आवळली गेली.

"मला रात्री उकडतं हो."

"उकडतं? पायात मोजे घालून उभी आहेस तू."

पद्मिनीबाई आत येऊन पलंगावर बसल्या. खिडकीतून दिसणारा अंगणाचा तुकडा निळा झाला होता. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन बंद होतं. उन्हाळाभर त्या कूलरच्या आवाजाआड लपून श्वास घेत आल्या होत्या, आणि आता तो आडोसाच गेला होता. त्यांना रडू आलं, पण रडलं की धाप लागायची, म्हणून तेही त्यांनी आवरलं.

मशीन घरात आलं ते होळीच्या सुमारास. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढायचा आणि बारीक नळीने नाकात सोडायचा, एवढंच त्याचं काम. छातीच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. फुफ्फुसं थकली आहेत, त्यामुळे हृदयावर ताण येतोय, पायांना सूज येते ती त्यामुळेच. दिवसातले पंधरा-सोळा तास नळी लावायची, आणि झोपेत तर लावायचीच. मग त्यांनी विचारलं होतं, "माताजी, कभी सिगरेट पी है आपने?"

"मैंने नहीं," पद्मिनीबाई म्हणाल्या होत्या.

शेजारच्या खुर्चीतले नरहरराव एकदम भिंतीवरचा फुफ्फुसांचा तक्ता वाचू लागले होते.

लग्न होऊन अकोल्याहून लखनौला आल्यापासून पद्मिनीबाई त्या धुरात राहिल्या. कारखान्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर, हिवाळ्यात सगळ्या खिडक्या बंद, आणि नरहररावांच्या हातात सिगरेट. लेक सावनी तान्ही असताना त्या तिला घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसत. पुढे एके दिवशी नरहररावांनी पाकीट नाल्यात भिरकावलं आणि पुन्हा कधी सिगरेटीला हात लावला नाही. ही गोष्ट त्यांनी सरोजिनी नगरातल्या प्रत्येक माणसाला ऐकवली होती. सवय म्हणजे काय, ती मनाने ठरवली की तुटते, असं त्यांचं तत्त्वज्ञानच होऊन बसलं होतं.

त्यामुळे पार्कातल्या मंडळींपैकी कुणीतरी "ऑक्सिजन की आदत पड़ जाती है, भाईसाहब" असं म्हटल्याबरोबर त्यांनी ते उचललं. मशीन सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. झोपेत बंद. "निजलेल्या माणसाला काय करायचंय मशीन?" असं म्हणून ते स्वतः येऊन बटण दाबत, प्रेमाने पांघरूण सारखं करत, आणि समोरच्या खोलीत दिवाणावर झोपायला जात. तिथे ते बायकोच्या खोकल्यामुळेच झोपायला लागले होते. ते वाईट नव्हते. बायकोला मशीन लागतं हे मान्य करायचं, तर ते कशामुळे लागतं हेही मान्य करावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत त्यांच्यात नव्हती. पद्मिनीबाईंना हे कळत होतं. कळल्याने धाप मात्र कमी होत नव्हती.

एप्रिलमध्ये कूलर सुरू झाला तेव्हा त्यांना वाट सापडली. जुना लोखंडी कूलर तो, त्याची घरघर शेजारच्यांनाही ऐकू जायची. त्या आवाजात मशीनचं गुणगुणणं आणि मधूनमधून निघणारा त्याचा फुस्कारा पार बुडून जायचा. त्या दार लोटून घेत, कूलर लावत, मग मशीन लावत. दुपारी आणि रात्रभर. महिन्याभरात पायांची सूज उतरली, ओठांचा काळपटपणा गेला. जून संपताना त्यांनी चक्क उभं राहून पुरणपोळ्या केल्या.

नरहररावांनी ताटावर बसूनच सावनीला गुडगावला फोन लावला, स्पीकरवर. "बघ, मशीन कमी केलं आणि तुझी आई सुधारली. डॉक्टरांना काय, ते सांगतात."

"वाह पापा! मम्मी, आप तो कमाल हो," सावनी म्हणाली. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीतच यायचं.

पद्मिनीबाईंनी तव्यावरची पोळी उलटली. त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण लेकीसमोर नवऱ्याचा पोपट करायचा त्यांना धीर झाला नाही, आणि खरं सांगितलं तर कूलरसुद्धा हातचा जाईल ही भीती होतीच.

आता कूलर प्लास्टिकखाली गेला होता आणि लखनौवर धुरकट थंडी उतरली होती. पहिले काही दिवस पद्मिनीबाईंनी मिक्सर लावून पाहिला. स्वयंपाकघरातला मिक्सर घरघरत ठेवायचा आणि तेवढ्यात आत येऊन नळी लावायची. घरात दाण्याचं कूट इतकं साठलं की डबे पुरेनात.

"कुणाची पंगत आहे?" नरहररावांनी विचारलं.

मग त्यांनी टीव्ही मोठा करून पाहिला. ते येऊन लहान करून गेले. रात्रीच्या शांततेत तर मशीन लावताक्षणी ते दारात हजर.

"सवय सुटत आली आहे आता. परत कशाला?"

"मला लागतं हो ते."

"मलाही लागायची सिगरेट," नरहरराव म्हणाले, आणि बटण बंद केलं.

पद्मिनीबाई त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिल्या. त्यांना भयंकर संताप आला. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याबद्दल अपशब्द वापरला नव्हता, त्या रात्री मनातल्या मनात वापरला, आणि दोन उशांना टेकून बसल्या बसल्या सकाळ केली.

पायांवर पुन्हा सूज चढली. न्हाणीघरातून पलंगापर्यंत येताना मध्ये खुर्ची लागायला लागली. "थंडीचं आहे," नरहरराव म्हणत, आणि तिळाच्या तेलाने त्यांचे पाय चोळून देत.

डिसेंबरातल्या एका दुपारी जेवताना ते म्हणाले, "पार्कातले अवस्थीजी संध्याकाळी येतायत. त्यांच्या आईला मशीन हवंय. म्हटलं, घेऊन जा, आमच्याकडे पडूनच असतं."

पद्मिनीबाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

"मला विचारलंत?"

"अगं, चांगल्या कामाला जातंय. जिला गरज आहे तिला मिळेल."

जेवून ते दिवाणावर कलंडले. पद्मिनीबाई पलंगावर बसून मशीनकडे बघत होत्या. ते गेलं की आपण गेलो, इतकं साधं होतं ते. होळीपर्यंतही निघायचं नाही.

त्या उठल्या. मागच्या दाराने अंगणात गेल्या. सूर्य दिवसभर दिसलाच नव्हता, धुक्यात समोरची भिंतही पुसट झाली होती. सुतळीची गाठ मिस्त्रीने घट्ट मारली होती. बोटं चालेनात, छाती फुटेल असं वाटलं, म्हणून त्या तिथेच पायरीवर बसल्या, दम खाल्ला, आणि स्वयंपाकघरातून सुरी आणून सुतळी कापली. प्लास्टिक ओढून खाली पाडलं. भिंतीला धरत धरत आत आल्या, शाल गुंडाळली, कानाला मफलर बांधला आणि बटण दाबलं.

महिनाभराची धूळ उडवत कूलर घरघरला. बर्फासारखी हवा तोंडावर आली. मग त्यांनी मशीन लावलं, नळी नाकात बसवली आणि डोळे मिटले.

हळूहळू छातीवरचं ओझं हललं. त्यांना बरं वाटू लागलं. थंडीने दात वाजत होते, तरी बरं वाटू लागलं.

"वेड लागलं का तुला?" नरहरराव दारात उभे होते. "डिसेंबरात कूलर?" ते तरातरा आले आणि त्यांनी कूलरचं बटण बंद केलं.

पंखा मंदावत थांबला. आणि खाली राहिलेला मशीनचा आवाज वर आला. गुणगुण, मग फुस्कारा. गुणगुण, मग फुस्कारा.

नरहररावांनी मशीनकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं. हात अजून बटणावरच होता. स्टोअरचा माणूस, हिशेब लागायला वेळ लागला नाही.

"उन्हाळाभर?" त्यांनी विचारलं.

"हो. उन्हाळाभर."

ते काहीतरी बोलायला गेले. पद्मिनीबाई वाट पाहत होत्या. एक शब्द पुरला असता त्यांना, अर्धा पुरला असता. पण नरहररावांनी कूलरचं बटण पुन्हा दाबलं, तो घरघरायला लागला तशी मान फिरवली, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

त्या गार झोतात त्या बसून राहिल्या. आवाज झाकायला आता पद्मिनीबाईंना कूलर नको होता. नरहररावांनाच तो हवा होता.

बाहेरची घंटा वाजली. अवस्थीजींचा अदबशीर आवाज आला. पद्मिनीबाई उठल्या, नळी पायात येऊ नये म्हणून हाताने सावरली, कूलर बंद केला आणि दार सताड उघडलं. मशीनचा आवाज बोळातून थेट समोरच्या खोलीत गेला.

"क्या बताऊँ अवस्थीजी," नरहरराव म्हणत होते, "मशीन में कुछ खराबी आ गई है. कल से बंद पड़ी है."

गुणगुण, मग फुस्कारा.

"लेकिन आवाज़ तो आ रही है, भाईसाहब," अवस्थीजी संकोचून म्हणाले.

पद्मिनीबाईंनी दाराची चौकट धरली. आता तरी सांगतील, असं त्यांना वाटलं. बायकोला लागतं म्हणून सांगतील.

"वो?" नरहरराव म्हणाले. "वो तो कूलर है."

अवस्थीजींनी कानटोपी काढली, परत घातली. लखनौची माणसं, समोरच्याला खोटं पाडणं त्यांच्या रक्तात नाही.

"जी," ते म्हणाले. "कूलर होगा. भाभीजी को नमस्ते कहिएगा."

दार लागलं. पद्मिनीबाई परत येऊन पलंगावर बसल्या आणि नळी नाकात तशीच ठेवून त्यांनी रजई ओढून घेतली. समोरच्या खोलीत टीव्ही सुरू झाला. बातम्या होत्या. आवाज वाढत वाढत अगदी शेवटापर्यंत गेला, आणि तो लहान करायला कुणी गेलं नाही.