कौतुक का टोमणा

गुरुवारचा उपवास होता. संध्याकाळी रंगूबाई देवापुढं जप करत बसल्या, पण मण्यामागून मणी सरकताना दत्ताच्या नावाच्या जागी ओठांवर 'डिफरंट ड्रम' येत होतं. त्यांनी कानाला हात लावला आणि माळ पुन्हा पहिल्यापासून धरली.

सकाळी माधवनगरची मंडळी उंब्रजला येऊन त्यांच्या लेकीला, शिवांजलीला, बघून गेली होती. पोरीनं चहा आणला तो ठीक, पण नवऱ्या मुलालाच, जयराजला, ती म्हणाली, "आतनं पोह्यांच्या बशा आणता का जरा?" आणि तो उठलासुद्धा. तेव्हा त्याची आई हसून बोलली, "शी मार्चेस टू अ डिफरंट ड्रम." सगळे हसले. रंगूबाईही हसल्या. कशाला, ते कळलं नाही. स्थळ मनात भरलं होतं, म्हणून तर जीव टांगणीला लागला.

त्यांचे मालक हंबीरराव फौजेत सुभेदार होते. ते म्हणाले, "येगळ्या ढोलावर चालती म्हनं. ढोल येक, तर पाऊल येक. ज्याचं येगळं पडतं त्याला मैदानाभोवती पळवत्यात. नकार हाय त्यो. त्येंनी कळवायच्या आधी आपुनच कळवू."

"आबा, कौतुकानं म्हणतात ते. आपल्या चालीनं चालणारी, असं," शिवांजली म्हणाली. आणि लगेच, "टोमणा म्हणूनबी म्हणत असतील. बोलणाऱ्यावर हाय."

"म्हंजी तुलाबी ठावं न्हाई."

नंबर बघायचा म्हणून हंबीरराव चष्मा शोधायला गेले, तेवढ्यात रंगूबाईंनीच फोन लावला. "ताई, राग मानू नका. सकाळी इंग्रजीत बोलला, ते चांगलं का वाईट?"

पलीकडून जयराजची आई म्हणाली, "खरं सांगू? मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा साहेब भाषणात माझ्याबद्दल हेच बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या. अर्थ विचारायचा धीर झाला नाही. आज तुमची लेक बघितली आणि तेच तोंडात आलं."

"मग आमी काय समजायचं?"

"मुलगी पसंत आहे. आम्हा मायलेकरांना दोघांनाही. त्या वाक्याचं तेवढं मला विचारू नका."

फोन ठेवला तर हंबीरराव समोर उभे.

"होकार हाय," रंगूबाई हळूच म्हणाल्या.

"आन् त्या ढोलाचं?"

"आवं, ते त्येंनाबी ठावं न्हाई."

"चेष्टा करत्यात का काय आपली?"

रंगूबाई देवापुढं साखर ठेवायला वळल्या. पोरीबरोबर, अर्थ न कळता टाळ्या वाजवलेल्या त्या बाईसाठीही देवाकडं काही मागावं असं वाटलं. काय मागावं, ते मात्र सुचेना.