चारवर आणलेला काढा

“अप्पा, बास! पंप बंद करा!” हर्षाली हॉलमधून धावतच बाल्कनीत आली.

सहादूअप्पांनी पंप बंद केला आणि ऐटीत पातेल्याकडे बोट दाखवलं. “बघ, चार डिग्रीवर आणलं. दूध असतं तर टँकर भरून मुंबईला धाडलं असतं.”

पातेल्यात दूध नव्हतं, जवाचा उकळलेला काढा होता. सुनेला घरी बिअर करायची होती. मागच्या खेपेला काढा नुसता टबातल्या पाण्यात ठेवला, तो निवता निवता संध्याकाळ झाली आणि सगळा आंबून मोरीत ओतावा लागला. तेव्हा ती सहज म्हणाली होती, “अप्पा, तुम्ही तर चिलिंगवाले. हे लवकर गार कसं करायचं?”

निफाडकडच्या एका शीतकरण केंद्रात अप्पांनी एकतीस वर्षं दूध गार केलं. केंद्र बंद पडलं, ते नाशिकला मुलाच्या फ्लॅटवर आले, आणि तेव्हापासून जेवलात का, गोळी घेतली का, यापलीकडे त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. या एका प्रश्नाने म्हातारा हरखून गेला. तांब्याची नळी आणून वेटोळं वळलं, ते काढ्यात बुडवलं, बादलीत बर्फ टाकला आणि कूलरच्या पंपाने ते गार पाणी नळीतून फिरवत ठेवलं. स्वतः जन्मात थेंब न घेतलेला माणूस, पण काढा असा ढवळत होता की विचारू नका. “गाळा, सासरा-सून मिळून दारू गाळा!” म्हणत फुलाबाई तणतणत देवळात गेल्या, तरी नवऱ्याने मान वर केली नाही.

“विसाला थांबायचं होतं,” हर्षाली म्हणाली. “आता यीस्ट टाकायचंय. एवढ्या गारठ्यात ते कामच करणार नाही.”

“यीस्ट म्हंजे जंतूच ना?”

“तसंच समजा. ते जगायला हवेत. त्यांच्यामुळेच बिअर होते.”

“मंग गार कशापायी केलं?”

“उकळत्यात ते मरतात. आणि हळूहळू निवू दिलं तर दुसरेच जंतू शिरतात.”

अप्पांना काही उमजेना. जंतूंतही आपले आणि परके असतात, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी गार करायचं ते जंतूंची वाढ रोखायला. काटा चारच्या वर गेला की दूध नासलं आणि साहेबांनी झापलंच म्हणून समजा. आता ही पोर पुन्हा काही विचारायची नाही, या विचाराने त्यांचा जीव थोडाथोडा झाला.

“वाया गेलं का गं?”

“नाही हो. चढू द्या विसापर्यंत. तुम्ही लक्ष ठेवा, मला हाक मारा.” पातेल्यावर झाकण ठेवून ती आत आपल्या कामाला गेली.

अप्पा पातेल्याच्या काठाला लावलेल्या थर्मामीटरपुढे स्टूल ओढून बसले. पाच झाले, सहा झाले. काटा चढेल तसं ते स्टूल आणखी पुढे ओढत होते. हे बरोबर चाललंय, असं ते मनाला बजावत होते, पण मन ऐकत नव्हतं.

आठ झाले आणि त्यांचा हात आपसूक पंपाच्या बटणाकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला, मांडीखाली दाबला आणि तसेच काट्याकडे बघत बसून राहिले.