छतावरची नवी केबल

वाचकहो, साहेबांसमोर त्यांची चूक काढायची म्हटली की कोण कचरत नाही? एका प्रयोगशाळेत वयाने सर्वांत लहान म्हणून सगळे जिला 'धाकटी' म्हणत, तिला तर आज नेमकं तेच करायचं होतं.

दूरच्या केंद्रातून जमिनीखालून येणारे सूक्ष्म कण प्रकाशाच्याही आधी पोहोचताना दिसत होते! आज दुपारी प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, पत्रकारांना ते सांगणार होते. अंतर, घड्याळं, आकडेमोड, सगळं तपासून झालं होतं. पण छताच्या दुरुस्तीत उपग्रहाकडून वेळ घेणाऱ्या अँटेनाची केबल बदलली, हे धाकटीच्या ध्यानात आलं ते आज सकाळी. नवी केबल लांब. तिच्यातून वेळेचा संकेत उशिरा उतरणार, खालचं घड्याळ मागे राहणार आणि कण लवकर आल्यासारखे दिसणार. हिशेबात मात्र जुनीच लांबी!

जिन्यात उभं राहून तिने आईला फोन लावला. आई रुग्णालयात परिचारिका.

"बोलले तर नोकरी जाईल गं. सरांना शंका काढलेली खपत नाही."

"आणि नाही बोललीस तर?"

"कोणाला कळणारही नाही. कदाचित."

"अगं, भलताच ताप दिसला तर आम्ही आधी थर्मामीटर बदलून बघतो. डॉक्टर चिडतील म्हणून गप्प बसू? घाबर हवी तेवढी, पण सांग. देव आहे ना पाठीशी."

धाकटी आत गेली. थेट सरांच्या टेबलापाशी थांबली.

"सर, छतावरची केबल... नवी लांबी आपण धरलेलीच नाही."

"आल्या शंकासुर!" कोणीतरी कुजबुजलं.

"हे आत्ता सांगतेस?" सर कडाडले. "बाहेर माणसं येऊन बसलीत!"

ती जागची हलली नाही. शेवटी सर पुटपुटले, "मोजा."

मोजलं. कणांची सगळी आघाडी त्या केबलच्या जादा लांबीतूनच आली होती!

सर मटकन खुर्चीत बसले. "आठवडाभर मला झोप नाही. काहीतरी चुकतंय असं वाटायचं. पण तुम्ही सगळे माना डोलावत होता."

"तुम्हीच तशी सवय लावलीत, सर," धाकटी बोलून गेली आणि स्वतःच दचकली.

सर खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "चल माझ्याबरोबर. चूक मी सांगतो. ती कशी सापडली, ते तू सांग."

बंधुभगिनींनो, जिथे धाकट्यांना बोलायची धास्ती वाटते, तिथे चूक निर्धास्त नांदते. आपल्या घरात, कचेरीत कोण गप्प बसलंय, ते आजच विचारा. आणि उत्तर ऐकताना रागावू नका.