कांडपाशेजारी बसणारी

चटणीच्या दिवसांत तानाबाईनं मिरचीचं कांडप बंद ठेवलं, ही बातमी गल्लीत दुधाच्या आधी पोहोचली. नवरा वारला त्या वर्षीसुद्धा तेरावं उरकताच दुसऱ्या दिवशी तिचं यंत्र सुरू झालं होतं. आणि आज भर वैशाखात, दारात मिरच्यांचे डबे घेऊन बाया उभ्या असताना, शटर अर्ध्यावर आणि यंत्र गप्प.

कारण माडीवर होतं. तिथल्या खोलीत मुथोनी भाड्यानं राहायची. केनियाची पोरगी, विद्यापीठात फिजिक्स शिकायला आलेली. आली तेव्हा मिरचीच्या ठसक्यानं शिंकून बेजार व्हायची. आता तिखट कमी पडलं तर ताट सरकवत होती, आणि इथल्या पोरींसारखं 'मी जेवलो', 'मी आलो' बोलत होती. आज तिची मुलाखत होती, कॉम्प्युटरवरनं. आफ्रिकेतल्या तरुण संशोधकांसाठी किगाली नावाच्या गावात क्वांटम कॉम्प्युटिंगचं नवीन केंद्र निघालं होतं. त्यात एकच जागा उरलेली. मिळाली तर घरापासून जवळ राहून पुढचं शिकता येणार, नाहीतर शिक्षण इथंच आवरायचं.

क्वांटम म्हणजे काय ते मुथोनीनं तानाबाईला सांगून बघितलं होतं. सून संयोगिता हायस्कुलात शिक्षिका, तिनंही सांगून बघितलं. तानाबाई म्हणाली, "मला कळायचं काय अडलंय? तिला कळतंय न्हवं?"

मुलाखत मात्र तिला लगेच कळली. पाच माणसं बसणार, पोरीला बघणार, प्रश्न विचारणार, आणि पसंत पडली तर नेणार. असले कार्यक्रम तिनं आयुष्यात ढिगानं पार पाडले होते. म्हणून मुथोनी इरकल नेसून बसली होती. पोहेही झाले होते.

"आत्याबाई, ती माणसं तिकडं परदेशात. पोहे खाणार कोण?" संयोगितानं विचारलं.

"तू खा. कार्यक्रमाला पोहे न्हाईत असं या घरात झालेलं न्हाय."

तानाबाई खाली आली तेव्हा दारात ताटकळलेल्या अंजनाचा आवाज चढला होता. ती मुरगूडहून एसटीनं आलेली, भाजलेल्या मिरच्यांचा डबा काखेत. "आक्का, आमी परत कवा यायचं? मुरगूड काय पलीकडच्या गल्लीत हाय व्हय?"

"हळू बोल," तानाबाई कुजबुजली. तिला कुजबुजताना आजवर कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळं बाया दचकूनच गप्प झाल्या. "बस की. न्हाय म्हटलं तरी बसणारच तू. माझ्यावर इस्वास कुठं हाय तुमचा."

ही तिची जुनी सल. आपली मिरची उखळात पडली की प्रत्येक बाई यंत्राशेजारी चवड्यांवर बसायची. डोळे गळले तरी हलायची नाही. दुसरीची मिरची मिसळेल, नाहीतर जाड राहील, ही धास्ती. यंत्र तानाबाईचं आणि राखण यांची. तिला तो सरळ अपमान वाटायचा.

वरनं इंग्रजी ऐकू यायला लागलं तसा तानाबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि जिना चढली. शेजारी घरचं मोठं माणूस नसलं तर पोरीला कुणी वाली नाही असं समजतात माणसं. संयोगितानं दारातच तिचा दंड धरला, "आत्याबाई, ह्यात दुसऱ्यानं बसायचं नसतंय." तानाबाईनं हात झटकला आणि मुथोनीच्या शेजारी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली.

पडद्यावर पाच चेहरे होते. मधली पांढऱ्या केसांची बाई बोलता बोलता थांबली. मुथोनी घाईघाईनं इंग्रजीत काहीतरी म्हणाली.

"ही माझी इथली आज्जी, म्हणतीया," संयोगितानं दारातनं हळूच सांगितलं.

मधली बाई हसली. कडेचा काटकुळा गृहस्थ हसला नाही. त्यानं प्रश्न टाकला, तोही संयोगितानं पुढं होऊन कानात सांगितला. क्वांटमचं यंत्र आमच्या केंद्रात नाही. गणित इंटरनेटवरनं दुसऱ्या देशातल्या यंत्राला पाठवायचं, उत्तर तिकडनं येणार. मग त्यात तुझं असं काय राहिलं?

मुथोनी खाली बघत बोलायला लागली. त्या इंग्रजीत तानाबाईला 'कांडप' ऐकू आलं. थोड्या वेळानं परत 'कांडप'. मग पोरीनं चक्क तिच्याकडं हात केला. तानाबाईचा चेहरा उतरला. एवढ्या गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून यंत्र बंद केलं, तरी ही आवाजाचं गाऱ्हाणं सांगतीय, तेही परक्यांना.

"काय म्हणतीया गं ती?"

"म्हणतीया, खाली आज्जीचं कांडप हाय. गावागावातनं बाया मिरची घिऊन येत्यात. यंत्र त्यांचं न्हाय. पण कुठली मिरची, किती भाजायची, कवा थांबवायचं, ते बाईच ठरवती. डोळं गळलं तरी उठत न्हाय. म्हणून चटणी त्या बाईची हुती." संयोगितानं श्वास घेतला. "तिकडं केनियात माझ्या सख्ख्या आज्जीच्या मक्याला खत येळेवर मिळत न्हाय. ते कमी उष्णतेत कसं तयार हुईल, ते गणित माझं हाय. यंत्र कुठंबी असूंदे, मी शेजारी बसणार. डबा देऊन निघून जाणारी मी न्हवं."

इतकी वर्षं जो अपमान तानाबाई गिळत आली, त्याचं ह्या पोरीनं भलतंच काहीतरी करून ठेवलं होतं. पण गप्प बसून कार्यक्रम संपवणं तिच्या रक्तात नव्हतं.

"आता आमचं विचार त्यास्नी," ती सुनेला म्हणाली. "शिकवणारा रोज असतोय, का सही करून पळतोय? खोलीला आतनं कडी हाय का? आन् भाकरीचं काय?"

संयोगितानं अर्धं गाळून, अर्धं मऊ करून विचारलं. मधल्या बाईनं मात्र एकेकाचं नीट उत्तर दिलं. शिकवणार ती स्वतः. खोलीला कडी आहे. भाकरी नाही, पण मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा मिळेल. काटकुळाही आता हसला. मग बाई म्हणाली, आम्ही कळवतो.

ते ऐकलं आणि तानाबाई उठलीच. 'कळवतो' म्हणणाऱ्यांनी तिला आजवर कधी कळवलं नव्हतं. नकाराला धुतलेले कपडे घातले की त्याचं 'कळवतो' होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"जाऊंदे पोरी. तुझ्यात खोट न्हाय, त्यांचीच नजर अधू हाय."

"आज्जी, मुलाखतीत असंच म्हणत्यात."

"मला नगं शिकवूस. पोहे खा."

खाली येऊन तिनं रागानं बटण दाबलं. अंजनाची मिरची उखळात पडली, अंजना शेजारी टेकली, सगळी गल्ली दणाणली. निम्मं कांडून होतंय तोवर मुथोनी जिना उतरली, इरकलचा घोळ एका हातात, मोबाईल दुसऱ्या. तोंड हलत होतं, ऐकू काही येत नव्हतं. ऐकायची गरजही नव्हती. अंजनानं खूण केली, यंत्र थांबवा. तानाबाईनं मान हलवली. उखळात मिरची असताना ती देवासाठीसुद्धा यंत्र थांबवायची नाही. तिनं बोटानं जमीन दाखवली. मुथोनी अंजनाशेजारी चवड्यांवर बसली. दोघींचे डोळे गळत राहिले.

यंत्र थांबल्यावर तानाबाईनं विचारलं, "घेतलं?"

"घेतलं आज्जी. मी चाललो किगालीला."

"म्हंजे कळवलं म्हणायचं," तानाबाई चटणी डब्यात सारत म्हणाली. "माणसं बरी दिसत्यात."

निघायच्या आधल्या आठवड्यात मुथोनीनं स्वतःच्या मिरच्या आणल्या, स्वतः भाजल्या. डबा तानाबाईच्या हातात देऊन ती सवयीनं जिन्याकडं वळली.

"कुठं चाललीस?" तानाबाई खेकसली. "मिरची कुणाची? बस हितं."

आणि तिनं पायानं एक पाट पुढं सरकवला. तो पाट अजून तिथंच आहे. येईल ती बाई त्यावर बसते, आणि तानाबाई तिला चार शब्द ऐकवतेच. पाट मात्र उचलत नाही.