मार्टिन ब्रॉफीची पाटी

बाबांचं तेरावं झालं त्याच आठवड्यात माझ्या मैत्रिणीचा, नोरा ब्रॉफीचा, फोन आला. आयर्लंडमधल्या किलकेनीजवळच्या त्यांच्या गावात तिच्या खापरपणजोबांच्या, मार्टिन ब्रॉफीच्या, नावाची पाटी लागणार होती. एकोणिसाव्या शतकात हा माणूस अमेरिकेला गेला, पोलादाच्या भट्टीवर राबला आणि तिथल्या युनियनचा पुढारी झाला. भाषण बाबा करणार होते. चंद्रपूरकडच्या एका पोलाद कारखान्यात ते युनियनचे सेक्रेटरी होते. माझ्याकडे इथे आयर्लंडला राहायला आल्यापासून ब्रॉफीने त्यांना वेड लावलं होतं.

"आता तू वाच, वृंदा," नोरा म्हणाली. "फक्त ते मदतनिसांचं वाक्य गाळ. घरचे सगळे येणार आहेत गं."

ब्रॉफीच्या युनियनमध्ये फक्त कारागिरांना जागा होती. भट्टीवर त्यांच्या हाताखाली राबणाऱ्या मदतनिसांना त्याने सभासद करून घेतलं नाही, आणि पुढे त्यांचा संप मोडला तो त्यामुळेच. बाबांनी हे लिहिलं होतं. त्याखाली होतं, 'आमच्या कारखान्यात ठेकेदाराच्या मजुरांना मीही युनियनमध्ये घेतलं नाही.'

"नोरा चिडेल हं," मी तेव्हा म्हटलं होतं.

"चिडू दे. पाटीवर माणूस लावायचाय की देव?" बाबा हसले होते. "पण माझं वाक्य खोडू नकोस. त्याच्याशिवाय त्याला बोल लावायचा मला काय अधिकार?"

समारंभात मी मदतनिसांचं वाक्य वाचलं. आवाजही कापला नाही. पहिल्या रांगेत नोराच्या भावाने मान खाली घातली. पुढची ओळ समोर होती. मी कागदाची घडी घातली. टाळ्या पडल्या, जरा उशिराने.

चहाच्या वेळी नोरा माझ्याजवळ आली. "वाचलंसच शेवटी. असो. तुझे वडील फार चांगले होते. त्यांनी नसतं असं कुणाला बाहेर ठेवलं."

शेजारी शैलेंद्र, माझा नवरा, कपात बघत राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं. मला नुसती मान हलवायची होती.

"ठेवलं होतं," मी म्हणाले. "त्यांनी ते लिहिलंही होतं. मी वाचलं नाही."

नोराने कप खाली ठेवला. "म्हणजे आमचा म्हातारा चव्हाट्यावर आणि तुझा झाकलेला? ग्रँड!"

माइक काढून ठेवला होता, लोक कोट चढवत होते. मी पाटीपाशी गेले आणि होता तेवढा आवाज काढून म्हणाले, "थांबा जरा. माझ्या वडिलांचं एक वाक्य राहिलंय."